अलीकडे

सोहारच्या इस्पितळात विम्याची खिडकी
पाणी प्यायच्या यंत्राला लागून आहे.
तिथं माझी खुर्ची. सहा वर्षं झाली.
अर्जाचं शीर्षक उजवीकडून सुरू होतं,
रकाने डावीकडून,
मी मधे कुठेतरी बसलेली असते.

बाबाजी तोडणकर, वय एक्केचाळीस,
बंदरावर परांच्या बांधतात.
पहाटे चारला दोघा पठाण सोबत्यांनी
पिकअपच्या हौद्यात आडवं घालून आणलं.
शर्टावर घाम वाळून पांढरा झालेला,
खाऱ्या बांगड्यावर मीठ दिसतं तसा.

इजिप्तचे डॉक्टर विचारतात : एक ते दहा, किती?
मी मराठीत विचारते.
"कळ येतेय."
किती पण?
"कळ, ताई. कळ मोजतात काय?"
ठसठस असती तर मी तीन सांगितले असते,
ठणक्याला चार,
चमक मारत असती तर पाच, फार तर सहा.
पण कळा मी दोनदा दिल्यात.
नऊ, म्हटलं.

पुढचा रकाना : केव्हापासून?
हा रकाना डॉक्टरांचा नाही, कंपनीचा.
पॉलिसी एक मेपासून.
त्याआधीचं जे काही असेल
ते ज्याचं त्यानं निस्तरायचं.

"पयली कळ शिमग्यात आली," ते म्हणाले.
इंजेक्शन लागू पडलं होतं, जीभ सैल सुटली होती.
"रजेवर व्हतो. पालखी खांद्यावर,
नि हितं कुणी पक्कड लावल्यावानी.
बायकोनं कुळथाचं कढण दिलं, बसली.
येताना दोन किलो कुळीथ बांधून दिलेत,
रूमवर हायत अजून."
आणि हसले,
खरं बोलून झाल्यावर माणूस हसतो तसे.

शिमगा म्हणजे मार्च.

दुखणं अलीकडचं की पलीकडचं,
कंपनीला एवढंच हवं असतं.
पलीकडे, समुद्राच्या,
खडा वाळूच्या कणाएवढा होता
आणि कढणाला ऐकत होता.
अलीकडे येऊन सात मिलिमीटरचा झाला,
सेहेचाळीस अंशांत,
न प्यायलेल्या पाण्यावर,
कारण प्यायलं की अठराव्या फळीवरून
खाली उतरायला लागतं
आणि मुकादम वेळ लिहून घेतो.
हे सगळं कुठल्या रकान्यात बसतं
ते मी वर-खाली करून पाहिलं.

मग लिहिलं : अलीकडे.
लिहिलं इंग्रजीतच,
पण मनात शब्द आपला होता.
खोटं नव्हतं.
खरं म्हणावं तर
ऑडिट सप्टेंबरात असतं.

अकरा वीसला मंजुरी आली. ऐंशी टक्के.
उरले एकसष्ट रियाल चारशे बैसे.
गुलजमान, तो पिकअप चालवणारा,
बनियनच्या आतून घड्या काढत राहिला,
घामानं चिकटलेल्या नोटा
एक एक सोडवून खिडकीत मांडत राहिला.
एक्केचाळीस झाले.
वीस मी माझ्या पाकिटातले सरकवले,
नि चारशे बैशांचं काय झालं
ते कॅशियर जॉर्जकुट्टीला विचारा.

चौथ्या दिवशी तोडणकर चालत आले,
वर्तमानपत्राच्या पुडीत कुळीथ घेऊन.
"तुमच्या घरी करा पिठलं."
जाता जाता थांबले.
"ताई, शिमग्याचं लिवलात ना कागदावर?
दवाखान्यात लपवू नये, आई म्हणायची."

मी मान हलवली.
होची का नाहीची, मलाही नीट कळली नाही,
ते मात्र समाधानानं गेले.

संध्याकाळी ताट मांडीवर घेऊन
कुळीथ निवडायला बसले.
खाली मशिदीची बांग, वर एसीची घरघर,
मधे बोटांखाली दाणे.
दोन खडे निघाले.
एक टाकला.